बिल्किसआपांची डबी

बिल्किसआपा ट्रान्झिस्टर मुठीत धरून बसायच्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तो तुकडा, त्याच्या तीन तारा बोटांच्या फटींतून बाहेर काढलेल्या, तारांना मीटरचे चिमटे लावलेले आणि आपांचे डोळे मीटरच्या काट्यावर. एवढ्यात दारात कोणी आलं, हाक मारली, शेजारच्या बकरीनं वाळत घातलेल्या पापडांत तोंड घातलं, तरी आपा हलायच्या नाहीत. चार-पाच मिनिटांनी मूठ उघडायची आणि निकाल लागायचा. काटा जागचा हलला नसेल तर "हा धीराचा हाय." मुठीच्या उबेनं काटा सरकत गेला असेल तर "हा घाबरट. ह्याले काश्मीरले धाडा." धीराचे कापसात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या बाटलीत जायचे, घाबरट कान तुटलेल्या कपात. माणसांची अशी परीक्षा आपांनी कधी घेतली नाही. घेतली असती तर मी कपातच पडलो असतो.

कामरगावात बसस्टँडच्या मागं आमची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. आपांचे वडील गावातले जुने मिस्त्री. रेडिओ दुरुस्त करायचे आणि विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. भरणं म्हणजे जळकी तांब्याची तार काढून तिच्या जागी नवी गुंडाळणं. त्यांचे मुलगे अकोल्याला निघून गेले, मुलगी लग्न होऊन मुर्तिजापूरला गेली आणि दोन वर्षांत परत आली. का आली हे तिनं सांगितलं नाही आणि बापानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यापुढं एक जळकी मोटार ठेवली, एवढंच. वडील गेले तेव्हा आपा चाळिशीला आल्या होत्या आणि आसपासच्या पाच-सहा गावांतल्या मोटारी त्यांच्या हातून पाण्यात उतरत होत्या.

मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, की ती आपोआप जळाली. आपा त्याला मोटारसायकलवरून ती उतरवूच द्यायच्या नाहीत. "आपोआप काई जयत नाई, बाप्पा. काय केलं थे सांगा आंधी." मग तो बाप्पा आधी लाइनवर ढकलायचा, नंतर उंदरावर, नंतर धाकट्या भावावर, आणि शेवटी खाली मान घालून कबूल करायचा की विहीर कोरडी पडली तरी मोटार चालूच राहिली होती. एकदा कबूल केलं की आपा त्याला एका शब्दानं बोलायच्या नाहीत. पान्हा घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. रागावण्यात त्यांना रसच नव्हता, त्यांना कारण हवं असायचं. कारण कळल्याशिवाय केलेल्या दुरुस्तीला त्या दुरुस्ती म्हणत नसत.

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान पोटासाठी, जीव सगळा बेंजोत. आमच्याकडं वरातीपुढं बेंजो पार्टी असते. टेम्पोवर कर्णे आणि बॅटऱ्या, खाली ढोल-ताशे, आणि एका माणसाच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्या पार्टीचे मालक दिनकरभाऊ. टेम्पो त्यांचा, कर्णे त्यांचे आणि कर्ण्यांपेक्षा मोठा आवाजही त्यांचाच. बेंजो वाजवायचो मी.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला गावात पाहुणा आला होता आणि त्याची फझची डबी बंद पडली होती. ही डबी गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे बसते आणि सरळ आलेला सूर फाडून पुढं पाठवते. सूर खरखरीत होतो, लांबतो, गळा दाटून आल्यासारखा बाहेर पडतो. मी त्याला आपांकडं नेलं. आपांनी डबी उघडली, आत पाहिलं आणि विचारलं, बाकीचं सामान कुठं आहे. बाकीचं काही नव्हतंच. दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर किरकोळ सामान. त्या दोनांतला एक मेला होता. आपांच्या वडिलांच्या ट्रंकेत जुन्या रेडिओंचा ढीग होता आणि त्यांच्या पोटात तसेच जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. आता ते कोणी बनवत नाही. बाजारात मिळतात ते सिलिकॉनचे, धट्टेकट्टे, आणि आपांच्या मते अगदीच अडाणी. "थे वरडते," त्या म्हणायच्या, "हे रडते." गिटारवाल्याची डबी त्याच दिवशी चालू झाली आणि महिनाभरात आपांनी तशीच दुसरी स्वतः बनवली.

डबीचं अंग म्हणजे भंगारात वजनावर मिळालेला स्टीलचा डबा. असले डबे लग्नकार्यात दिलेले असतात आणि त्यांच्यावर नावं कोरलेली असतात. आपांच्या पहिल्या डबीवर 'चि. सौ. कां. सुनंदा हिस मामाकडून सप्रेम भेट' असं होतं. त्या गिटारवाल्याच्या ओळखीनं अकोला-अमरावतीचे आणखी काही वादक येऊ लागले, कोणी जुनी डबी दुरुस्तीला घेऊन, कोणी नवी मागायला. त्यांना सुरापेक्षा आधी ती अक्षरं आवडायची. एकाला तर सत्यनारायणाच्या पूजेचाच डबा हवा होता. आपा कपाळाला हात लावायच्या आणि शोधून द्यायच्या.

बेंजोला डबी लावायची कल्पना माझी. एवढं श्रेय मला घेऊ द्या, पुढं घेण्यासारखं काही नाही. बेंजोचा सूर टण्‌ वाजला की संपतो. आपांच्या अंगणात पहिल्यांदा तो डबीतून निघाला आणि थांबेचना. आपा हातातलं काम टाकून उठल्या, कर्ण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ओढणीचं टोक तोंडात धरून ऐकत राहिल्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "आता हा बोलून राह्यला." मग बाटलीतले सगळ्यांत धीराचे दोघे निवडून त्यांनी माझ्यासाठी वेगळी डबी बनवली. दोन हंगाम मी ती वाजवली. वरातीतली म्हातारी माणसं नाच सोडून बेंजोजवळ येऊन उभी राहायची, असा तो सूर होता.

आपांनी मात्र तो रस्त्यावर कधी ऐकला नव्हता. वरात नाचणाऱ्यांची, तिथं पन्नाशीतली एकटी बाई कशाला जाणार? मी येऊन सांगायचो तेवढंच त्यांना कळायचं. मग किन्हीराजा गावातलं एक लग्न ठरलं. नवरदेवाकडून आम्ही, नवरीकडून मालेगावची पार्टी, आणि चौकात दोन्ही पार्ट्या समोरासमोर. जिल्ह्यातले बेंजोवाले मुद्दाम ऐकायला येणार होते. आपा म्हणाल्या की त्या येणार. मी म्हटलं, एवढ्या उन्हात दोन गाड्या बदलून कशाला येता? तेव्हा त्यांनी सांगितलं.

"मोटार भरली का थे विहिरीत जाते. कोनी भरली, कोन इचारते? हे चवकात वाजन. कोनी इचारलं तं माह्यं नाव सांगजो. बिल्किस मिस्त्री म्हन."

मिस्त्री हा शब्द त्यांनी स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा लावला. गावात मिस्त्री म्हणजे त्यांचे वडील. त्यांना सगळे मोटारवाली आपा म्हणायचे, मीही. तीस वर्षं तारा गुंडाळून त्यांना हवा होता तो एवढाच एक शब्द, तोही दुसऱ्यांच्या तोंडून.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवा चौकोनी सेल कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि पुन्हा बजावलं. "हिचं आंग प्लस हाय, बाकी सगळ्यायचं मायनस. हिले तिचाच सेल देजो. दुसऱ्याच्या लायनीवर जोडली का मेली." मी मान हलवली. हे मला पाठ होतं.

मे महिन्यातली दुपारची वरात. डांबर चपलेला चिकटत होतं. निघतानाच दिनकरभाऊंचा बिनतारी माइक बंद पडला आणि त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मी आपांचा नवा सेल काढून दिला. डबीत जुना होता, तो आजच्यापुरता निघेल असं वाटलं. मारुतीच्या देवळापर्यंत निघालाही. चौक दिसू लागला तसा सूर बसत चालला. समोर मालेगाववाले वाजवत होते. त्यांचा बेंजो ओरडत होता पण चालू होता. इकडं दिनकरभाऊ माइकवरून माझं नाव घेऊन गर्जत होते की आता ऐका कामरगावचा बेंजो. त्यांना सेल परत मागायची माझी हिंमत झाली नाही. टेम्पोवर आवाज घुमवणाऱ्या एको मशीनला सेलइतकीच, नऊ व्होल्टची लाइन होती. आपांचे शब्द मला आठवले नाहीत असं नाही, चांगले आठवले. पण एवढ्याशा वेळात काय होतंय, असं म्हणून मी एकोची वायर ओढली आणि डबीला जोडली. बाकीच्या डब्यांना जोडतात तशीच, अंगाला मायनस.

एकदा घर्र झालं. मग एक बारीक शिट्टी, एक जळका वास, आणि पुढं काही नाही.

समोरच्यांनी ढोल वाढवला. पोरं हसू लागली. मालेगावच्या बेंजोवाल्यानं माइकवरून विचारलं, डबी कोणाची? दिनकरभाऊंनी अंग काढून घेतलं आणि सांगून टाकलं की आमच्या गावच्या एका बाईनं बनवलेली आहे. "बाईच्या हातची डबी, बाईवानीच रुसली," मालेगाववाला म्हणाला आणि अख्खा चौक खदखदला. आपा कडुलिंबाखाली बायकांमधे उभ्या होत्या. कर्ण्यातून त्यांना सगळं ऐकू गेलं. नाव कोणी घेतलं नाही, हेच काय ते नशीब म्हणायचं. पण ते नाव घेतलं जावं म्हणूनच तर त्या आल्या होत्या.

गर्दीतून वाट काढत त्या टेम्पोपाशी आल्या तोवर मी एकोची वायर जागच्या जागी लावली होती आणि डबीत जुना सेल बसवला होता. बेंजोवर माझी बोटं कधी इतकी चपळ चालली नव्हती. आपांनी डबीला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला. सकाळपासून टेम्पोच्या टपावर उन्हात ठेवलेलं स्टील होतं ते. "ऊन लागलं हिले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं.

"ऊनच ना, संजू?"

"ऊनच, आपा."

एवढंच बोललो. दोन शब्द. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मोटारवाल्याला त्यांनी दारात उभं करून काय केलं ते सांग म्हटलं होतं. मला म्हटलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून कारणही त्यांनीच दिलं आणि मी ते घेतलं.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही हे खरंच आहे. ती मुठीची परीक्षा त्यासाठीच होती. पण माझ्या डबीतले दोघे परीक्षेत पहिले आलेले होते. ते उन्हानं मेले असतील तर परीक्षाच खोटी, आणि परीक्षा घेणारा हात खोटा. घरी आल्यावर आपांनी डबी खोलली. एक कंडेन्सर फुगून वाकडा झाला होता. उलट्या जोडणीनं तो तसा होतो. दुसऱ्या कोणाची डबी असती तर आपांनी तो पाहताक्षणी ओळखला असता. त्या दिवशी त्यांनी तो कापून बाजूला ठेवला आणि रिकाम्या मुठीकडं बघत बसल्या. "हिनं फसवलं मले," म्हणाल्या. मी समोर बसून चहा पीत होतो. चहा सगळा प्यालो.

बाटलीत धीराचे अठरा उरले होते. आपांनी ठरवलं की मे महिन्याच्या वरातीत टिकेल अशी डबी बनवायची आणि किन्हीराजाच्या त्याच चौकात नेऊन वाजवायची. त्यासाठी आधी ऊन नेमकं कुठं लागतं ते शोधायला हवं होतं. दुपारी बारा वाजता त्या शिडीनं छतावर चढायच्या, तापलेल्या टिनावर डबी चालू करून ठेवायच्या, बाजूला मीटर, आणि स्वतः डोक्यावर ओला पंचा घेऊन शेजारी. चार वाजता उतरायच्या. ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढतो, ओढला की आणखी तापतो, आणि असं होत होत मरतो. एक मेला की आपा वहीत लिहायच्या, दुसरा जोडायच्या आणि जोडणी थोडी बदलायच्या. मेलेला एका ताटलीत ठेवायच्या. जे कुठल्याही हिवाळ्या-पावसाळ्यात पुढची वीस वर्षं रडले असते, ते एकेक करून त्या टिनावर भाजत होते. आणि ते का भाजताहेत हे साऱ्या दुनियेत एका माणसाला माहीत होतं.

हळूहळू त्यांनी मोटारी घेणं बंद केलं. लोक कारंज्याला जाऊ लागले. अकोल्याचे गिटारवाले रिकाम्या हातानं परत गेले. आपांच्या हातांवर, मानेवर उन्हाचे फोड आले, एकदा भोवळ येऊन त्या शिडीवरून घसरल्या. माझी आई रोज कैरीचं पन्हं करून माझ्या हाती द्यायची. मी ते घेऊन शिडी चढायचो आणि प्रत्येक पायरीवर ठरवायचो की आज सांगायचं. वर जाऊन पन्हं द्यायचो, ग्लास रिकामा होईपर्यंत थांबायचो आणि उतरायचो. एकदा धीर करून एवढं म्हटलं, की सोडा ना आपा, लोक विसरले.

"लोक इसरले," त्या म्हणाल्या. "मी कशी इसरू? कारन सापडलं नाई अजून."

पहिला उन्हाळा संपला तेव्हा अठरांपैकी नऊ गेले होते. हिवाळ्यात कोणीतरी सांगितलं की जऊळक्याला स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडं जुने रेडिओ आले आहेत. मी दुकान बंद ठेवून आपांबरोबर गेलो. त्या दिवसांत त्या जातील तिथं मी जायचो, त्यांची पिशवी उचलायचो, आणि गावातली माणसं मला नावाजायची की सख्ख्या भावापेक्षा जास्त करतो. भंगारवाल्याकडं चार रेडिओ निघाले. आपांनी तिथंच जमिनीवर बसून ते उघडले. चारही आतून बदललेले, सगळे सिलिकॉनचे. आपांनी प्रत्येकाचे स्क्रू नीट लावून चारही परत ठेवले. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो. दुसरं कोणी नव्हतं. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आपाच बोलल्या.

"तू नसता ना संजू, तं मी कवाच सोडलं असतं हे."

मी तोंड मिटलं. आपल्याला सोबत करणारा एकच माणूस आहे असं ज्यांना वाटतंय, त्यांना तो कोण आहे हे कसं सांगायचं? असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा कडक निघाला. एप्रिल सरता सरता बाटलीत चार राहिले, मेच्या मध्यावर दोन. त्या दिवशी दोन वाजले तरी छतावरून मीटर ठेवल्याचा, डबी सरकवल्याचा काहीच आवाज येईना, तेव्हा आईनं मला दुकानातून बोलावून घेतलं. मी शिडी चढलो. आपा बसलेल्या होत्या, ठीक होत्या. शेवटचे दोघे त्यांनी पुढ्यात घेतले होते आणि खाली वाकून पहिल्याच्या पायाला, म्हणजे तारेला, कथलाचा डाग देत होत्या. उष्णता आत जाऊ नये म्हणून पाय चिमट्यात धरलेला. इतक्या वाईट उन्हातही हात स्थिर. त्या म्हणाल्या, हे दोघं गेले की झालं मग. त्यांच्या आवाजात इतका थकवा होता की मला तो ऐकवला नाही.

मी बसलो आणि सांगितलं. सेल कोणाला दिला तिथपासून. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

आपांनी डाग द्यायचं बंद केलं. मग मोटारवाल्यांना विचारायच्या तसंच, एकेक विचारू लागल्या. वायर कोणती? एकोची. अंगाला काय लावलं? मायनस. शिट्टी झाली? झाली, बारीक. वास? आला. किती वेळ? तीन-चार सेकंद. प्रत्येक उत्तराला त्या मान डोलावत होत्या. कंडेन्सरचं त्यांना स्वतःच आठवलं. "फुगला व्हता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हंजे डबी बरोबर व्हती."

"हो, आपा."

"मी बरोबर व्हती."

"हो."

त्या हसल्या. खरंच हसल्या, पोरीसारख्या, तोंडावर हात ठेवून. मला वाटलं, सुटलो. कबूल केलं, आता त्या पान्हा घेतील आणि कामाला लागतील. मग त्यांचं लक्ष ताटलीकडं गेलं. त्यात सोळा होते, एका रांगेत, पाय एका बाजूला करून नीट मांडलेले. हसू गेलं. त्यांनी बोट लावून एकाला थोडं सरकवलं, सरळ केलं.

"मंग ह्यायले कायले मारलं मी?"

मी म्हणालो, मी किन्हीराजाला जातो, चौकात माइक लावून सांगतो, मालेगावच्या पार्टीला घरी जाऊन सांगतो. आपांनी ऐकलं की नाही कोण जाणे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्यासाठीच तर मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी सामान आवरलं, शेवटचे दोघे कापसात गुंडाळले, ताटलीवर पंचा टाकला. शिडीपाशी जाऊन थांबल्या आणि माझ्याकडं न बघता बोलल्या.

"संजू, आता घरी येत जाऊ नको. रागानं नाई म्हनत. तू दिसला का मी मोजत बसन."

याला आता वर्ष झालं. आपा आहेत, पाठीमागच्या घरातच आहेत. मोटारी पुन्हा घेऊ लागल्या आहेत, भरलेली मोटार चालू करून बघतात तेव्हा तिची घरघर आमच्या भिंतीतून ऐकू येते. डबीचं काम त्यांनी सोडलं. कोणी डबी घेऊन आलं तर दारातूनच हात जोडतात. त्या शेवटच्या दोघांचं काय झालं मला माहीत नाही. आईकडून विचारून घेता आलं असतं, पण विचारायचं तोंड नाही. रस्त्यात समोरासमोर आलो तर मी बाजूच्या बोळात वळतो. एवढं तरी मला जमतं.

बोललो होतो तसं मी सांगत फिरलो. दिनकरभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन उन्हाळे झाले राजा, ऊन काय आणि वायर काय, बंद पडायची ती पडली. किन्हीराजाला जाऊन चौकातल्या हॉटेलात बसलो. लोकांना लग्न आठवेना, नवरदेव आठवेना, रुसलेल्या डबीचं मात्र सगळ्यांना आठवत होतं. मालेगावचा बेंजोवाला भला माणूस निघाला, त्यानं चहा मागवला. माझं सगळं बोलणं होऊ दिलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाईले वाचवून राह्यला तू. चांगलं हाय. पन डबी कच्चीच व्हती भाऊ." मी शपथ घेतली तसा तो आणखीच मायेनं हसला. मी जितकं खरं सांगत गेलो तितकं ते लोकांना सांभाळून घेणं वाटत गेलं. त्या दिवशी चौकात दोन शब्दांत जे झालं ते आता इतकं बोलूनही मला फिरवता येत नाही, आणि आपांचं नाव आजही बाईच्या हातची डबी एवढंच आहे.

म्हणून इथं लिहितो. तुम्ही आपांना पाहिलेलं नाही आणि मलाही ओळखत नाही. मी कोणाला वाचवतोय असं वाटायचं तुम्हाला काही कारण नाही. किन्हीराजाच्या चौकात बंद पडलेली डबी कामरगावच्या बिल्किस मिस्त्री यांनी बनवली होती. ती बरोबर होती. वायर मी लावली.